सांघिक खेळाची ओढ का ओसरते? : पब्जीच्या निमित्ताने काही विचार

खेळांच्या उगमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या अस्ताविषयी फारच थोडे. एखादा खेळ कोठून आला, त्याचे नियम कोणी व केव्हा बांधले, हे सांगणारी साधने सापडतात, कारण आरंभ करणाऱ्याला आपले कर्तृत्व नोंदवून ठेवण्याची हौस असते. खेळ सोडून देणारा मात्र काहीच लिहून ठेवीत नाही. तो एके दिवशी येत नाही, दुसऱ्या दिवशीही येत नाही, आणि काही काळाने तो येत नाही ही गोष्टही कोणाच्या ध्यानात राहत नाही. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात द. चिं. मजुमदार यांनी दहा खंडांत सिद्ध केलेल्या व्यायाम ज्ञानकोशासारख्या ग्रंथातून खेळांची वर्णने विपुल मिळतात. ते खेळ कोणी का सोडले हे सांगणे अशा ग्रंथाचे कामच नव्हे. ते काम इतिहासाचे आहे, आणि इतिहासाने ते अद्याप मनावर घेतलेले नाही.

प्रस्तुत लेखात एका अगदी अलीकडच्या खेळाची ओढ कशी ओसरली याचा विचार करावयाचा आहे. हा खेळ म्हणजे मोबाइलवर अनेकांनी मिळून खेळावयाचा 'पब्जी'. मैदानी खेळांच्या पंक्तीला त्याला बसविल्याबद्दल काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु ज्या खेळाने चार-पाच वर्षे गावोगावच्या तरुणांच्या संध्याकाळी व्यापल्या, तो कोणत्या साधनाने खेळला गेला हा प्रश्न दुय्यम आहे. तो सांघिक खेळ होता एवढे येथे पुरे.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर नांदगाव पेठ हे गाव आहे. नावातील 'पेठ' हा शब्द जुन्या बाजाराची खूण सांगतो, आणि आजूबाजूची औद्योगिक वसाहत, तेथील कापडाचे कारखाने व औष्णिक विद्युत केंद्र ही गावाच्या नव्या जीवनाची खूण आहे. शेती, पाळीची नोकरी आणि शहरातील महाविद्यालय या तिन्हींशी एकाच वेळी संबंध असलेला तरुणवर्ग अशा गावांत आढळतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील आंतरजाल एकाएकी स्वस्त झाले, आणि मार्च २०१८ मध्ये पब्जीची मोबाइल आवृत्ती जगभर खुली झाली. या दोन घटनांमध्ये दीड वर्षाचे अंतर आहे. त्यानंतर पारावर, बसथांब्यावर, कोणाच्या तरी ओट्यावर चार मुले माना खाली घालून बसलेली आणि तरीही एकमेकांशी मोठ्याने बोलत असलेली, असे दृश्य वऱ्हाडात सर्वत्र दिसू लागले. 'माना खाली' एवढेच टीकाकारांनी पाहिले. 'मोठ्याने बोलत' याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. सुमारे शंभर खेळाडू एका निर्जन बेटावर विमानातून उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि खेळाचे क्षेत्र क्रमाक्रमाने आकुंचित होत असता शेवटी जो उरतो तो जिंकतो. ब्रेंडन ग्रीन या आयरिश रचनाकाराच्या कल्पनेवरून हा खेळ प्रथम संगणकासाठी तयार झाला व मार्च २०१७ मध्ये लोकांपुढे आला. एकट्याने, दोघांनी किंवा चौघांनी मिळून तो खेळता येतो. आपल्याकडे तो मुख्यतः चौघांनी खेळला. या चौघांच्या गटाला मुले 'स्क्वॉड' म्हणत. येथे आपण त्याला चौकडी म्हणू.

या खेळाचा बहर का सरला, याची दोन उत्तरे तयार असतात. नव्याचे नऊ दिवस, हे एक; सरकारने बंदी घातली, हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

बंदीचा प्रश्न तारखांनी सुटण्यासारखा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत पब्जीची मोबाइल आवृत्ती होती; ऑक्टोबर अखेर ती भारतात पूर्णपणे बंद झाली. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला, २८ जुलै २०२२ रोजी पुन्हा अडविला गेला, आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. बंदी हेच ओहोटीचे कारण असते तर जेथे बंदी नव्हती तेथे ओहोटी दिसावयास नको होती. प्रत्यक्षात संगणकावरील मूळ खेळात जानेवारी २०१८ मध्ये एकाच वेळी ३२ लाखांहून अधिक खेळाडू उपस्थित असल्याची नोंद आहे, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा आकडा सुमारे एक-तृतीयांशावर आला होता. त्या खेळावर कोठल्याही मोठ्या देशाने तेव्हा बंदी घातलेली नव्हती. उलट भारतात बंदी असतानाच्या दहा महिन्यांत खेळाची आठवण तीव्रच राहिली. नवे नाव घेऊन तो परतला तेव्हा त्याचे स्वागत झाले. खेळ ओसरला तो परतल्यानंतर, हळूहळू.

नावीन्याचे उत्तर तर आपल्याच मातीतील उदाहरणाने कोसळते. हुतुतू ऊर्फ कबड्डी हा खेळ कोणत्याही अर्थाने नवा नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये केली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डी होती. तो खेळ त्या काळीही जुना होता. तरी १९९० मध्ये तो आशियाई क्रीडास्पर्धांत समाविष्ट झाला आणि २०१४ पासून दूरचित्रवाणीवर लाखो लोक तो पाहू लागले. जो खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो नावीन्याच्या जोरावर टिकत नसतो. मग चार वर्षांत ओसरलेल्या खेळाचा ऱ्हासही नावीन्य संपण्यात शोधणे योग्य नव्हे.

मग ओढ होती कशाची? कबड्डीच्या नियमांचा इतिहास येथे उपयोगी पडतो. कबड्डीचे तीन जुने प्रकार सांगितले जातात : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरात बाद झाला तरी गडी मैदान सोडीत नाही. प्रतिपक्षाला केवळ गुण मिळतो. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी उठून परत येतो. नियम एकत्र बांधण्याचे प्रयत्न झाले तेव्हा स्वीकार झाला तो संजीवनीचा, आणि हा स्वीकार आकस्मिक नव्हता असे आम्हांस वाटते. गामिनीत दुबळा गडी बहुतेक वेळ प्रेक्षक होतो. अमरात बाद होण्याला काही किंमतच राहत नाही. संजीवनीत मात्र बाद झालेल्याचे डोळे आपल्या सोबत्याच्या चढाईवर खिळलेले असतात, आणि चढाई करणाऱ्याला आपण कोणासाठी जात आहो हे ठाऊक असते. खेळाडूला खेळाडूशी बांधणारा नियम तो हाच.

पब्जी वरवर पाहता गामिनीच्या वर्गातला : जो मेला तो गेला. परंतु चौकडीच्या खेळात एक निराळी सोय आहे. गोळी लागून पडलेला खेळाडू काही क्षण रांगत राहतो, आणि तेवढ्यात सोबत्याने धोका पत्करून त्याच्यापाशी पोचावे तर तो पुन्हा उभा राहतो. मुले याला 'रिव्हाइव्ह' म्हणत. ही संजीवनीच होय. पारावरचा तो आरडाओरडा बहुतांशी याच क्षणांचा असे : कोण पडला, कोठे पडला, कोण जवळ आहे. शस्त्रे, पोशाख, बेटाचे देखावे यांचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत; पण चौघांतील एकाने स्वतः मरण्याचा धोका घेऊन दुसऱ्याला उठविणे हाच या खेळाचा गाभा होता, असे आमचे मत आहे. त्याची ओढ ही गड्यांची ओढ होती.

हे एकदा मान्य केले म्हणजे ओहोटीचा उलगडा चौकडीच्या इतिहासात शोधावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद होती, पुण्यात स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी गेलेली मुले गावी परतली होती, आणि चौघांना एकच वेळ मोकळी मिळत होती. पुढे एक जण कारखान्यात पाळीवर लागला, एक पुन्हा पुण्यास गेला, एकाचे लग्न झाले. खेळ जुलै २०२१ मध्ये परत आला तेव्हा जुन्या खात्यातील जमविलेले पोशाख व वस्तू नव्या नावाखाली हलविण्याची सोय कंपनीने करून दिली होती. चौकडी हलविण्याची सोय कोणापाशीच नव्हती. तीन असले की चौथा यंत्राने पुरविलेला अनोळखी माणूस असे. त्याची भाषा निराळी, त्याला आपल्या खोड्या ठाऊक नाहीत, आणि आपण पडलो तर तो थांबेलच असा भरवसा नाही. संजीवनीचा नियम कायम राहिला, पण ती देणारा हात परका झाला.

येथे कोणी विचारील की कबड्डीच्या संघातील गडीही नोकरीस लागतात, लग्न करतात. मग कबड्डी का टिकते? कबड्डीच्या संघाला जागा भरून काढण्याची एक रीत आहे. मैदानाच्या कडेला धाकटी मुले बसलेली असतात. ती चेंगट असतात, मधेच रेघेत येतात, रागावून घेतात, आणि एक गडी कमी पडला की त्यांतलाच एक आत घेतला जातो. थोरल्यांचा खेळ बिघडतो, पण परंपरा चालू राहते. मोबाइलवरील खेळात अशी कडाच नाही. पडद्याला काठ असतो, पण त्या काठावर कोणाला बसता येत नाही. शिवाय खेळाडूंना कौशल्यानुसार पायऱ्या नेमून दिलेल्या असतात व यंत्र साधारणतः समान पायरीच्या लोकांची गाठ घालते. चार वर्षे खेळलेल्या थोरल्या भावाच्या मेळाव्यात नवशिका धाकटा शिरला तर क्षणार्धात मारला जातो. एकटा खेळला तर त्याच्यापुढे बहुधा माणसे नसतातच.

हे शेवटचे विधान स्पष्ट केले पाहिजे. रिकाम्या जागा भरण्यासाठी अशा खेळांत यंत्रचालित बाहुली सोडलेली असतात. मोबाइल आवृत्तीत खालच्या पायऱ्यांवर त्यांचा भरणा पहिल्यापासूनच होता; संगणकावरील मूळ खेळातही ती २०२० मध्ये आली. हेतू चांगला : नवशिक्याला जिंकल्याचा आनंद मिळावा. पण आपण ज्यांना हरविले ती माणसे नव्हती हे कळल्यावर त्या आनंदाचे काय होते, हे कोणत्याही शाळकरी मुलाला विचारावे.

अनोळखी लोकांची यांत्रिक मोट बांधण्याचा परिणाम अन्यत्रही पाहण्यात आला आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन खेळाचे वर्गणीदार ऑक्टोबर २०१० मध्ये एक कोटी वीस लाखांवर पोचले होते. २०१५ च्या मध्यास ते सुमारे ५६ लाख उरले, आणि त्याच वर्षी कंपनीने आकडे जाहीर करणेच थांबविले. २००९ च्या अखेरीस त्यात अशी सोय झाली होती की गुहेतील मोहिमेसाठी सोबती शोधण्याचे कष्ट नकोत, यंत्रच निरनिराळ्या वसाहतींतील माणसे एकत्र आणील. वेळ वाचला. पण पूर्वी सोबती शोधण्यासाठी ज्या विनवण्या कराव्या लागत, ज्या ओळखी पाडाव्या लागत, आणि वाईट वागणाऱ्याचे नाव वसाहतभर होत असे, ते सर्व मावळले, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार राहिली. त्या खेळाच्या ऱ्हासाला ही एकच गोष्ट कारण झाली असे म्हणता येणार नाही. तथापि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने मूळचा, गैरसोयीचा, जुना खेळ 'क्लासिक' या नावाने पुन्हा उघडला तेव्हा प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लागल्या, ही घटना नावीन्यवाद्यांनी समजावून द्यावी.

खेळाचे कर्तव्यात रूपांतर होणे हा ऱ्हासाचा आणखी एक मार्ग. पब्जीचे ठराविक काळाचे 'सीझन' असत. सीझन संपला की कष्टाने मिळविलेली पायरी खाली ओढली जाई व चढाई पुन्हा आरंभावी लागे. रोज हजेरी लावल्यास बक्षीस, ठरलेली कामे केल्यास बक्षीस, आणि पैसे भरल्यास अधिक मोठे बक्षीस. या पद्धतीचा एक नमुना म्हणजे जून २००९ मध्ये फेसबुकवर आलेला 'फार्मव्हिल'. त्यात खेळाडू शेत पेरी, आणि वेळेवर परत आला नाही तर पीक वाळून जाई. २०१० च्या आरंभी महिन्याकाठी आठ कोटींहून अधिक लोक हे शेत करीत होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते बंद पडले. वेळ साधली नाही तर पीक हातचे जाते ही गोष्ट वऱ्हाडच्या कपाशीवाल्याला सांगावयास नको. ती करमणूक म्हणून विकता येते हे मात्र त्याला खरे वाटले नसते. रॉजे काय्वा या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ मधील आपल्या ग्रंथात खेळाच्या लक्षणांत तो ऐच्छिक असणे हे प्रथम मानले आहे. न खेळल्यास नुकसान होईल या भीतीने जो मोबाइल उघडतो, तो त्या व्याख्येतून केव्हाच बाहेर पडलेला असतो. सवय मात्र काही दिवस पुढे चालू राहते. बाहेरून पाहणारा तिला व्यसन म्हणतो. पुष्कळ ठिकाणी ते व्यसन नसून, ओढ संपल्यानंतर उरलेली हजेरी असते.

लबाडीचा विषय येथे टाळता येत नाही. योहान हुइझिंगा याने १९३८ मध्ये खेळ व संस्कृती यांवरील आपल्या ग्रंथात एक मार्मिक भेद केला आहे : लबाडी करणारा निदान खेळ खेळत असल्याचे सोंग तरी करतो, म्हणून समाज त्याला क्षमा करतो, रिंगण मोडून निघून जाणारा खेळबिघाड्या मात्र क्षम्य ठरत नाही. मैदानावर हे खरे आहे. पंचांची नजर चुकवून लबाडी करणाऱ्या गड्याला सारा गाव ओळखून असतो, आणि त्याची लबाडीही खेळाच्या गप्पांत जमा होते. आंतरजालावरील खेळात हा भेद उलटा होतो. भिंतीपलीकडचे दिसावे, नेम आपोआप लागावा, अशी साधने बाजारात मिळतात. ती वापरणारा अनोळखी असतो, त्याला कोणी लाजवू शकत नाही. जानेवारी २०१८ या एका महिन्यात मूळ खेळातून दहा लाखांहून अधिक लबाड खात्यांना हाकलून द्यावे लागले, असे त्या खेळावर पहारा ठेवणाऱ्या संस्थेनेच जाहीर केले. खेळाडूंच्या संख्येचे शिखर त्याच महिन्यातले आहे. उतरण तेथून सुरू झाली. त्याच सुमारास 'फोर्टनाइट' हा तशाच घाटाचा, विनामूल्य प्रतिस्पर्धी उपलब्ध होता हेही लक्षात घेतले पाहिजे; पण सोडून जाणाऱ्याला दुसरे दार उघडे होते एवढेच त्याने सिद्ध होते. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने आपल्या खेळातील दोष दुरुस्त करण्याची मोहीमच जाहीर केली, म्हणजे दोषांची कबुली दिली.

रिचर्ड बार्टल याचे निरीक्षण याच दिशेचे आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये आरंभिलेला व बार्टलने पुढे नेलेला, केवळ शब्दांतून चालणारा खेळ हा या सर्व कुळाचा मूळपुरुष मानला जातो. बार्टलने १९९६ मध्ये लिहिलेल्या निबंधात खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले : काही मिळविणारे, शोध घेणारे, गोष्टी करणारे, आणि इतरांना छळणारे. त्याचे वर्गीकरण पुढे फार उद्धृत झाले. त्याचा मुख्य मुद्दा मात्र दुर्लक्षित राहिला. तो मुद्दा तोलाचा आहे. एका वर्गाची संख्या बदलली की इतरांची बदलते. छळणारे वाढले की गोष्टी करणारे आधी जातात, आणि ते गेले की उरलेल्यांना राहण्याचे कारण राहत नाही. चौकडीतही असा एक गडी असतो, ज्याचा नेम कधी लागत नाही पण ज्याच्या बोलण्यासाठी बाकीचे तिघे जमतात. आकड्यांत त्याचे मूल्य शून्य असते. तो गेल्यावर खेळ महिनाभरही टिकत नाही.

राहता राहिला नियमांच्या मालकीचा प्रश्न. कबड्डीचे नियम बदलले नाहीत असे नाही. १९२३ मध्ये बडोद्यास ते बांधले गेले, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, अलीकडे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. या बदलांवर भांडणेही झाली. पण ती संघटनांत, पंचांत, खेळाडूंत झाली, आणि ज्या गावाला नवा नियम रुचला नाही त्याने जुन्याच नियमाने खेळावे यास कोणाची हरकत नव्हती. आंतरजालावरील खेळात ही मुभा नाही. 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' या २००३ मधील खेळात तीसहून अधिक व्यवसाय होते. खेळाडू त्यात शिंपी, वैद्य, नर्तक होऊन नांदत असत. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने नवे गिऱ्हाईक मिळविण्याच्या हेतूने एका फटक्यात ते नऊवर आणले. नवे फारसे आले नाहीत, जुने निघून गेले, आणि १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ बंद झाला.

आट्यापाट्या या खेळाशी तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. तो खेळही ओसरला. त्याला नऊ पाट्या आखलेले मोठे मैदान व दोन्ही बाजूंना नऊ नऊ गडी लागतात, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर, जी पावसाळ्यात पायाला चिकटते व उन्हाळ्यात भेगाळते, असे मैदान राखणे सोपे नाही. कबड्डीला लहानसे मऊ मैदान पुरते. गावोगावच्या रोजच्या खेळातून आट्यापाट्या मागे पडल्या, तरी विदर्भात त्यांचे संघ व स्पर्धा आजही आहेत. आणि उद्या एखाद्या गावाला वाटले तर फक्की आणून संध्याकाळपर्यंत पाट्या आखता येतात. सूरपाटी कोणाच्या मालकीची नाही. मोबाइलवरील खेळाची पाटी दुसऱ्याच्या घरी आखलेली असते. अमेरिकेतील 'सिटी ऑफ हीरोज' नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला. काही खेळाडूंनी त्याची प्रत गुप्तपणे चालू ठेवल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनीने अशा एका खेळाडूमंडळाला रीतसर परवाना दिला. अशी उदाहरणे विरळाच.

आपल्याकडे पब्जीचा जो काळ होऊन गेला, त्याची साधने फार थोडी राहणार आहेत. बंदीचे आदेश मिळतील, वर्तमानपत्रांतील चिंतेचे लेख मिळतील, कंपन्यांचे आकडे मिळाले तर मिळतील. चौकडीत कोण कोणाला उठवीत असे, अनोळखी चौथा प्रथम केव्हा आला, आणि कोणत्या संध्याकाळी कोणीच कोणाला हाक मारली नाही, हे मात्र आज पंचविशी-तिशीत असलेल्या माणसांच्या स्मरणातच आहे. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेक जण स्वतः त्यांतलेच असतील. नांदगाव पेठ विद्यापीठापासून फार दूर नाही, आणि पाळी सुटण्याची वेळ ठाऊक असली म्हणजे माणसे भेटतात.